शेर, पडी आणि ग्रॅम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त काढलेल्या अभ्याससहलीत तंजावूर राजवाड्याच्या आवारात माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



या आवारात उभे राहून बोलावयाचे म्हणजे इतिहासावर बोलावयाचे, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी मात्र सारा जन्म अंकगणित शिकविण्यात घालविला. म्हणून आजचा विषय मी दरबारातून न घेता मुदपाकखान्यातून घेतला आहे. स्वयंपाकाचे जिन्नस कधी मापाने घेतले जातात, कधी वजनाने. एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे आणि ते करताना चूक कोठे होते, एवढाच हा विषय आहे. तो किरकोळ वाटेल. परंतु तंजावूरइतका तो दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी स्पष्ट दिसत नाही. कारण येथे दोन भाषांची मापे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे एकाच कोठीत शेजारी शेजारी नांदली.

शहाजीराजांचे पुत्र एकोजी म्हणजेच व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतले. १८५५ साली दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि हे राज्य संपले. नायक राजांनी उभारलेल्या या वाड्यात मराठ्यांनी भर घातली. त्यातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. या विद्याव्यासंगी राजाने ग्रंथ जमविले, वैद्यकाचे प्रयोग करविले, १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना चालविला आणि बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला.

आपल्या विषयाचे दोन ग्रंथही याच परंपरेतले आहेत. पहिला रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’. तो सतराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ असून त्याच्या कर्त्याला एकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. दुसरा सरफोजींच्या काळातले मराठी पाकशास्त्र. सरस्वती महालाने ते ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने छापून प्रसिद्ध केले आहे. दोनशे वर्षांपूर्वीची मराठी आज वाचता येते, पदार्थांची नावेही बहुतेक ओळखीची वाटतात. पण असे कोणतेही जुने पाकशास्त्र घेऊन चुलीपाशी गेलो की पहिली अडचण भाषेची येत नाही. ती येते ‘शेर’ या शब्दाची.

आपल्याकडच्या जुन्या व्यवहारात शेर दोन प्रकारचा होता. एक वजनी आणि एक मापी. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर हा शेर सुमारे ९३३ ग्रॅम होतो. मापी शेर म्हणजे भांडे. त्याचे अर्धे मापटे, मापट्याचे अर्धे चिपटे, चिपट्याचे अर्धे कोळवे आणि कोळव्याचे अर्धे निळवे. वरच्या बाजूला दोन शेरांची अधोली आणि चार शेरांची पायली. म्हणजे ‘शेरभर तांदूळ’ असे लिहिले असेल, तर तांदूळ तराजूत घालायचे की भांड्यात, हे त्या शब्दावरून कळत नाही.

आता तमिळ बाजू पाहू. कावेरीच्या या खोऱ्यात धान्य मोजायचे ते पडीने. दोन आळाक्कू म्हणजे एक उळक्कू, दोन उळक्कू म्हणजे एक उरी, दोन उरी म्हणजे एक नाळी किंवा पडी. आठ पडींचा मरक्काल आणि बारा मरक्कालांचे कलम. म्हणजे एका कलमात ९६ पडी. वजनाची साखळी निराळी होती. तीन तोळ्यांचे एक पलम, आठ पलमांचा एक शेर, पाच शेरांची एक वीसै. हा शेर किती तोळ्यांचा झाला? आठ त्रिक चोवीस. म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. शब्द तोच, पण पुण्याकडचा पक्का शेर तंजावूरच्या शेराच्या तिपटीहूनही मोठा.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पडीचा आठवा भाग आळाक्कू आणि मापी शेराचा आठवा भाग कोळवे. भाषा वेगळ्या, मुलूख वेगळे, पण दोन्हीकडे माप निम्मे-निम्मे करीतच खाली उतरते. याचे कारण सोपे आहे. पाच किंवा दहा सारखे भाग नजरेने पाडता येत नाहीत; निम्मे करता येते. निरक्षर माणसालाही दोन ढीग सारखे आहेत की नाहीत हे दिसते. ही मापे बाजारात आणि अंगणात घडली. आपण ती नंतर पाढ्यांत बसविली.

मग जुन्या कृतीतला शेर कोणता, हे ठरवायचे कसे? त्यासाठी मी एक उदाहरण रचले आहे. ते कोणत्याही ग्रंथातले नाही, हे आधीच सांगतो. समजा, एका कृतीत लिहिले आहे की तुरीची डाळ एक शेर आणि मीठ एक तोळा. मीठ झाले ११.६६ ग्रॅम. शेर ८० तोळ्यांचा धरला, तर ९३३ ग्रॅम डाळीचे साधारण तीन ते साडेतीन किलो वरण होईल आणि त्यात मिठाचे प्रमाण शेकडा ०.३५ च्या आसपास राहील. असे वरण अळणी लागते. शेर २४ तोळ्यांचा धरला, तर २८० ग्रॅम डाळीचे सुमारे एक किलो वरण होते आणि मिठाचे प्रमाण शेकडा १.१ ते १.२ येते. आपल्या जिभेला पदार्थ चवदार लागतो तो साधारण याच प्रमाणात. म्हणजे त्या कृतीतला शेर दक्षिणेकडचा. येथे जीभ साक्षीदार होते आणि मीठ तिचा पुरावा.

याच उदाहरणातून दुसरा धडा मिळतो. कृतीतले सगळे जिन्नस एकाच शेरात दिले असते, तर शेर कोणताही धरला तरी पदार्थ बिघडला नसता. फक्त कमी-जास्त झाला असता. गुणोत्तरात एकक छेदले जाते, हे आपण सातवीत शिकलो. घोटाळा होतो तो दोन साखळ्या मिसळल्या की. डाळ शेराने, मीठ तोळ्याने, तूप पळीने आणि पाणी तांब्याने, अशी कृती असेल तेथे प्रत्येक जिन्नसाचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते.

आता मापाचे वजन कसे होते ते पाहू. एकाच भांड्यात वेगवेगळे जिन्नस भरले तर वजन वेगवेगळे भरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपण ते आकड्यांत मांडू. २०० मिलिलिटरचे भांडे घ्या. त्यात पाणी २०० ग्रॅम मावते. दूध २०६ च्या आसपास, साजूक तूप १८२, मध सुमारे २८०. बारीक मीठ साधारण २४०, साखर १७०, तांदूळ १६० ते १७०, रवा १४०. कणकेचे मात्र एक वजन सांगता येत नाही. चाळून, अलगद भरली तर ती १०० ग्रॅम भरेल आणि दाबून भरली तर १३०. भांडे तेच, कणीकही तीच. फरक फक्त हाताचा, आणि तो शेकडा तीस इतका. पोळीला हा फरक चालतो, कारण पाणी आपण हाताला लागेल तसे घालतो. केकला चालत नाही, कारण तेथे पाणी, साखर आणि पीठ यांचे प्रमाण आधीच ठरलेले असते.

म्हणूनच अमेरिकेत फॅनी फार्मर या शिक्षिकेने १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला. कप किंवा चमचा भरायचा आणि वरून सुरी फिरवून सपाट करायचा. तिच्या देशात आजही कपानेच मोजतात, पण तो कपही जगभर एक नाही. अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा. राईस कुकरसोबत येणारे छोटे भांडे १८० मिलिलिटरचे असते, कारण ते ‘गो’ या जपानी मापावरून आले आहे. पडी दीड लिटरच्या आसपास धरली, तर तिचा आठवा भाग, म्हणजे आळाक्कू, या जपानी मापाच्या अगदी जवळ येतो. परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकी-सुना यूट्यूबवरची कृती पाहून ‘एक कप’ घेतात, तेव्हा त्यांच्यापुढे शेराचाच प्रश्न नव्या वेशात उभा असतो.

सपाट मापाचा विषय निघाला म्हणून शिगेविषयी बोलतो. आपल्याकडे माप शिगोशीग भरण्याला मान आहे. तमिळमध्ये सपाट मापाला ‘तलै तट्टि’ म्हणतात, म्हणजे डोके थोपटून पाडलेले. भांड्याच्या काठावर राहणारी ही शीग किती असते? तांदळाची रास साधारण ३० अंशांच्या उताराने उभी राहते, असे धरू. एक लिटरची दोन भांडी घ्या. एकाचे तोंड १० सेंटिमीटर रुंद आणि दुसऱ्याचे १५. शंकूच्या घनफळाचे सूत्र लावले, तर अरुंद भांड्यावरची शीग सुमारे ७५ मिलिलिटर भरते आणि रुंद भांड्यावरची सुमारे २५५. म्हणजे एकीकडे शेकडा साडेसात आणि दुसरीकडे शेकडा पंचवीस. दोन्ही भांडी सपाट भरली तर तंतोतंत सारखी. शीग लावली की घेणाऱ्याला रुंद भांडे हवेसे वाटणार आणि देणाऱ्याला अरुंद. सारा धान्याने भरणाऱ्या कुळाच्या दृष्टीने भांड्याच्या तोंडाची रुंदी ही पोटापाण्याची गोष्ट होती.

म्हणूनच जुन्या राज्यांत मापाला नाव आणि अधिष्ठान दिले जाई. येथून चालत जाण्याइतक्या अंतरावरचे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले. तेथल्या शिलालेखांत देवाचे धान्य ‘आडवल्लान’ नावाच्या मरक्कालाने मोजावे असे म्हटले आहे. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण असलेला, म्हणजे नटराज. देवाचेच नाव मापाला दिले, म्हणजे त्यात खोट करण्याचे धाडस कोण करणार? सोन्याच्या वजनाच्या दगडालाही तेच नाव होते.

चोळांच्या लेखांत आणखी एक रूपांतर वारंवार येते. पाच मापे साळीला दोन मापे तांदूळ, असा तो दर होता. आजच्या वाचकाला वाटेल, शंभरातले चाळीसच उरले, मग साठ गेले कोठे? आजच्या गिरणीत शंभर किलो साळीतून ६५ ते ६७ किलो तांदूळ निघतो. पण थांबा, तो दर मापाचा आहे, वजनाचा नाही. साळ टरफलामुळे पोकळ बसते. एका लिटरला साधारण ५७० ग्रॅम. तांदूळ दाट बसतो. लिटरला सुमारे ८०० ग्रॅम. पाच लिटर साळ म्हणजे २,८५० ग्रॅम आणि दोन लिटर तांदूळ म्हणजे १,६०० ग्रॅम. हे प्रमाण शेकडा ५६ येते. उखळात हाताने कांडून, कणी आणि कोंडा वजा जाता, हा आकडा अगदी पटण्याजोगा आहे. रूपांतर न करता वाचले असते, तर हजार वर्षांपूर्वीच्या कुणा प्रामाणिक कांडणारणीवर आपण चोरीचा आळ घेतला असता.

मराठा राजांनी अन्नछत्रेही चालविली. सरफोजींनी ओरत्तनाडूला १८०२ च्या सुमारास उभारलेले मुक्तांबा छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना अशा छत्रांत जेवण मिळे. शे-दोनशे पानांच्या स्वयंपाकात वजन आणि माप यांची वाटणी आपोआप होते. तांदूळ, डाळ ही मापाने, कारण पोती तराजूत चढविण्यापेक्षा भांडे बुडवून ओतणे लवकर होते. हिंग, केशर, वेलदोडे ही वजनाने, कारण तेथे थोड्या फरकालाही मोल असते. स्वस्त आणि पुष्कळ ते मापाने, महाग आणि थोडे ते वजनाने, हा नियम कोणी लिहून ठेवला नसला तरी जगभरच्या कोठ्यांतून तोच पाळला गेला.

मापाभोवती दोन्ही मुलुखांत जो भाव जमला, तोही सारखाच आहे. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तमिळ शेतकरीही पहिल्या मापाला ‘लाभम्’ म्हणतो. आपल्याकडे नवी सून उंबरठ्यावर धान्याने भरलेले माप ओलांडून घरात येते. तमिळ लग्नात धान्याने काठोकाठ भरलेली नाळी, ‘निरैनाळि’, मांडून ठेवतात. एकोजींबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांना येथे आल्यावर माप बदलावे लागले, पण मापाचा मान बदलावा लागला नाही.

त्या कुटुंबांचे वंशज आजही येथे आणि चेन्नईसारख्या शहरांत राहतात. घरात मराठी बोलतात. लिहिताना मात्र अनेकजण तमिळ लिपी वापरतात. डांगर पचडीसारखे पदार्थ त्यांच्या ताटात अजून आहेत. उडदाचे भाजके पीठ दह्यात कालवून वर फोडणी द्यायची, एवढेच ते काम. पण पीठ किती, असे विचारले तर उत्तर भांड्याच्या नावाने मिळते, आणि ते भांडे आजीच्या माहेरून आलेले असते. मित्रहो, आपल्या घरांतही हेच आहे. ‘आपल्या पितळी वाटीने दोन वाट्या’ असे आई सांगते. ती वाटी मोडीत गेली की कृती कागदावर राहते आणि पदार्थ जातो.

भारत सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने वापरात येऊ लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्या याच संधिकालात शिकल्या. वर्गात फळ्यावर किलोग्रॅम आणि लिटर होते, घरी कोठीच्या खोलीत पायली आणि अधोली होती, आणि मुले संध्याकाळी एकातून दुसऱ्यात जात होती. मेट्रिक पद्धतीने फार मोठे काम केले. नगरचा शेर आणि नागपूरचा शेर हा तंटा तिने मिटविला. मात्र त्या काळी घराघरांतल्या भांड्यांची नोंद कोणी करून ठेवली नाही. सरकारने कोष्टके छापली ती बाजारासाठी. आईच्या वाटीचे कोष्टक कोण छापणार?

ते काम आपल्याला करता येईल, आणि हीरक महोत्सवाच्या वर्षी करण्याजोगे ते आहे. त्याची रीत सोपी आहे. घरातले जुने माप घ्या. रिकामे भांडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. भांडे काठोकाठ पाण्याने भरा. पाण्याचे जितके ग्रॅम भरतील, व्यवहारापुरते तितकेच मिलिलिटर त्या भांड्यात मावतात. मग भांडे कोरडे करून त्यात तांदूळ, डाळ, कणीक, रवा, साखर, घरात जे मोजत असतील ते, त्याच घरच्या हाताने भरून घ्या. येथे ‘त्याच हाताने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आई दाबून भरत असेल तर दाबूनच, शीग लावत असेल तर शिगेसहितच. प्रत्येकाचे वजन तीन वेळा घ्या आणि सरासरी लिहा. भांड्याच्या तोंडाची रुंदी लिहा. भांड्याचे घरातले नाव आणि ते कोठून आले, हेही लिहा. एका पानात हे सारे मावते.

आठवी-नववीच्या मुलांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. त्यात सरासरी आहे, घनता आहे, शंकूचे घनफळ आहे, गुणोत्तर आहे आणि आजीशी दोन तास बसून बोलणेही आहे. अशी शंभर घरांची पाने जमली, तर आपल्या गावातला मापी शेर खरोखर केवढा होता, हे आपल्या शाळेला स्वतःच्या मोजणीने सांगता येईल. पालकांना माझी विनंती आहे की, दिवाळीच्या साफसफाईत जुनी मापे मोडीत काढण्यापूर्वी एवढी एक नोंद करून घ्यावी.

उद्या सकाळी आपण बृहदीश्वराला जाणार आहोत. तेथील भिंतींवरची अक्षरे आपल्याला वाचता येणार नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याच ओळी धान्य, तूप, दिवे आणि त्यांची मापे यांच्याच आहेत, हे ध्यानात असू द्यावे. सरफोजींनी कोरविलेला लेख मात्र मराठीत आहे. तेथे मुलांना थोडा वेळ थांबवावे.